शेरा ऐकत नाही, की हाकच खराब झालीय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापुरात कळंबा रोडला घर, घरात पाच माणसं, आठ महिन्यांचा लॅब्रेडॉर, नाव शेरा. घरात 'सिट' म्हटलं की बसतो, शेकहँड देतो, पाहुण्यांकडून कौतुक करून घेतो. रंकाळा तलावावर नेला की मात्र तुमची-त्याची ओळखच नसल्यासारखा वागतो. पट्टा हातातून सुटला की बोलावून येत नाही. चार हातांवर येऊन थांबतो आणि तुम्ही हात पुढं केला की उडी मारून लांब. वडील म्हणतात, महिनाभर ट्रेनरकडं ठेवूया. आजोबा म्हणतात, दोन काठ्या हाणा, लाइनीत येतंय. आणि तुम्ही विचारलंय की घरच्या घरी १५ दिवसांत बस, थांब, ये एवढं तरी शिकवता येईल का.

शिकवता येईल. पण तुम्ही विचारलंय एक आणि तुमची अडचण आहे दुसरीच. शेराला 'सिट' येतं, हे तुम्हीच लिहिलंय. ज्याला येतं त्याला तेच परत शिकवून काय होणार? तुमच्या घरात शब्दांना किंमत राहिलेली नाही, ही खरी अडचण. त्यातही 'ये' हा शब्द तर तुम्ही पार नासवून टाकलाय. कुत्रं बिघडलेलं नाही, हाक बिघडलीय. हाक दुरुस्त करणं कुत्रं दुरुस्त करण्यापेक्षा सोपं आहे, फक्त ते काम कुत्र्याचं नसून माणसांचं आहे.

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन कुत्री शिकवते, १९ वर्षं झाली. त्याआधी जनावरांच्या एका डॉक्टरांकडं मदतनीस होते. नव्या घरी गेले की पहिला अर्धा तास मी कुत्र्याला हातही लावत नाही. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत बसते, चहा घेते आणि माणसं त्याच्याशी काय काय बोलतात ते ऐकते. राजारामपुरीतल्या एका घरात मी चहा संपेपर्यंत मोजलं होतं. कुत्र्याला ४७ वेळा काही ना काही सांगितलं गेलं, आणि त्यातल्या ३ वेळा काहीतरी घडलं. उरलेल्या ४४ वेळांत तो काय शिकला? की ही माणसं असा आवाज काढतच असतात, मनावर घ्यायचं कारण नाही. 'सिट, सिट, अरे सिट ना, सिट म्हटलं ना' असं चारदा म्हटल्यावर कुत्रा बसला, तर त्याच्या लेखी कमांड चौथ्या 'सिट'ची असते. पहिल्या तिन्हीच्या वेळी त्यानं इकडंतिकडं बघून घ्यायचं असतं.

आता आपल्या भाषेचा घोळ बघा. 'बस' घ्या. दिवसभर घरात 'बस झालं आता', 'बस कर की', 'बस चुकली', 'बसा की पाव्हणं' चालू असतं. त्यातली कुठली 'बस' आपल्यासाठी, हे कुत्र्यानं कसं ओळखायचं? 'ये'चं तर त्याहून अवघड. 'ए, पाणी आण', 'ए, फोन वाजतोय' यातला 'ए' आणि बोलावण्याचा 'ये' आपल्या तोंडून जवळजवळ सारखेच निघतात. म्हणजे दिवसातून शंभरदा त्याला बोलावल्यासारखं होतं आणि तो आला तर कुणाचं लक्ष नसतं. मग लोक इंग्रजीकडं वळतात, तिथं 'सिट' आणि 'स्टे'. दोन्हींची सुरुवात 'स'नं, दोन्हींत 'ट', घाईत म्हटले तर माणसाचीही गल्लत व्हावी. कुत्र्याला मराठी-इंग्रजीचं सोयरसुतक नाही. शब्द रोजच्या बोलण्यात नसावा, एक दुसऱ्यासारखा वाजू नये आणि आजोबांपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसावा, एवढं बघायचं.

तुमच्या घराला मी असे शब्द देईन. बसायला 'सिट' राहू दे, तो त्याला येतोय. जागेवर राहायला 'थांब'. तोंडातलं टाकायला 'सोड'. पोटावर झोपायला 'आडवा'. आणि बोलवायला 'ये' बंद, कायमचा. त्याऐवजी 'बिगीबिगी'. हसू नका. हा शब्द गावाकडच्या बोलण्यात अजून आहे, पण शहरातल्या घरात सहसा कुणी वापरत नाही, म्हणजे शेराच्या कानाला तो कोराच आहे. शिवाय तो रागावून म्हणताच येत नाही, म्हणून बघा. 'ये इकडं!' हे दात ओठ खाऊन म्हणता येतं, 'बिगीबिगी'ला तोंड आपोआप हसरं होतं. हे पाच शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घरातल्या पाचपैकी एकानं जरी 'कम कम कम' चालू ठेवलं, तरी बाकीच्या चौघांची मेहनत पाण्यात.

जाता जाता नावाचं सांगते. 'शेरा!' म्हणजे कमांड नव्हे. 'शेरा' म्हणजे 'माझ्याकडं बघ', एवढंच. चप्पल चावली की 'शेराऽऽ' असं ओरडणारी घरं मी लई बघितलीत. तिथली कुत्री स्वतःच्या नावाला घाबरतात.

आता शिकवायचं कसं. 'सिट' येत असल्यामुळं 'आडवा'वरून दाखवते, पद्धत सगळ्यांना तीच. उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा मुठीत घ्या. शेरा बसलेला असताना मूठ त्याच्या नाकाला लावा आणि नाकापासून सरळ खाली, पुढच्या दोन पायांच्या मधे जमिनीपर्यंत न्या. नाक मुठीमागं खाली येईल. मग मूठ जमिनीवरूनच बोटभर बोटभर तुमच्याकडं ओढा. इथं घाई केली की बूड उचलतं आणि तो उभा राहतो. राहिला तर चिडायचं नाही, परत पहिल्यापासून. हळू ओढलं की आधी एक कोपर टेकतं, मग दुसरं. दुसरं कोपर टेकलं त्या क्षणाला जिभेनं 'टक्' करायचं आणि मूठ तिथंच, जमिनीवर, उघडायची. तोंडानं अजून काही बोलायचं नाही. असं सात-आठ वेळा झालं की रिकामी मूठ तशीच खाली न्यायची, तो आडवा झाला की 'टक्', आणि तुकडा दुसऱ्या हातातून द्यायचा. हातामागं बिनचूक जायला लागला की मगच शब्द आणायचा. आधी 'आडवा', मग क्षणभर थांबून हात. दोन-तीन दिवसांत तो हाताची वाट न बघता शब्दावरच खाली जायला लागतो.

लोक उलटं करतात. कुत्र्याला अजून कळलेलंच नसतं काय करायचं, तोवर शब्दाचा मारा सुरू. म्हणजे तो उभा आहे, वास घेतोय, शेपूट हलवतोय आणि कानावर पडतंय 'आडवा, आडवा'. मग त्याच्या डोक्यात 'आडवा'चा अर्थ 'उभं राहून वास घे' असा बसला तर दोष कुणाचा?

'टक्' कशाला, सरळ 'शाब्बास' का नको, असं विचारतात. 'शाब्बास' म्हणेपर्यंत कोपर परत उचललेलं असतं. बक्षीस कशाचं, हे कुत्र्याला सेकंदाच्या आतबाहेर कळायला लागतं. ज्या घरात दर रविवारी कुकरच्या शिट्टीनंतर चिकनचा तुकडा मिळतो, तिथलं कुत्रं तिसऱ्या शिट्टीला ओट्यापाशी हजर असतं, हे तुम्ही बघितलंच असेल. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी, पण नाव राहिलं ते याच गोष्टीमुळं: खाण्याच्या आधी वाजणारा आवाजही खाण्याइतकाच मोलाचा होतो. आपला 'टक्' म्हणजे ती शिट्टी. तुकडा हातात यायला दोन सेकंद लागले तरी चालतं, 'टक्' वेळेवर पडायला हवा. आणि तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. पिशवीची खुसपुस झाली की कुत्रं पिशवीची कमांड पाळायला लागतं, तुमची नाही.

खाऊबद्दल एक. लॅब्रेडॉर हावरा असतो हे सगळेच जाणतात. त्यामागचं एक कारण केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलं. साधारण चार लॅब्रेडॉरमागं एकाच्या पीओएमसी नावाच्या जनुकात एक तुकडा गायब असतो. अशा कुत्र्यांचं मन खाण्यावर जास्त आणि वजनही जास्त. गंमत अशी की अपंग माणसांना मदत करायला तयार केलेल्या लॅब्रेडॉरमध्ये हा बदल कितीतरी जास्त सापडला. खाण्यासाठी काहीही करायला तयार असलेला विद्यार्थी शिकवायला सोपा, हे त्यावरून समजा. पण त्याच कारणानं शिकवणीचा खाऊ दिवसाच्या खाण्यातून वजा करायचा, वरून नाही. बिनमिठाचं चिकन, पनीर, नाहीतर त्याच्या रोजच्या खाण्यातलेच दाणे. बेदाणे, चॉकलेट बिलकूल नको. आणि कोल्हापूरकरांना हात जोडून सांगते, रविवारी वाटीत उरलेला पांढरा रस्सा कुत्र्याला घालू नका. त्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लगेच दिसत नाही म्हणून लोकांना खरं वाटत नाही.

आता रंकाळ्याचं. आज रात्री एक करून बघा. शेराकडं पाठ करून उभे राहा आणि 'सिट' म्हणा. किंवा सतरंजीवर उताणे पडून म्हणा. बहुतेक वेळा तो गोंधळेल, फिरून तुमच्या तोंडापुढं येईल, नाहीतर तोंड चाटेल. कारण त्याच्या लेखी 'सिट'चा अर्थ 'बूड टेक' एवढा नाहीये. 'हॉलमध्ये, सोफ्यासमोर, मालक तोंडासमोर उभा, हात छातीशी, तेव्हा बूड टेक' असा आहे. आपण एक गोष्ट शिकलो की ती सगळीकडं लावतो. कुत्रं तसं लावत नाही. त्याला प्रत्येक जागी नव्यानं शिकवावं लागतं, फक्त दर नव्या जागी वेळ कमी लागत जातो. तुम्ही त्याला हॉलमधून उचलून थेट रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर नेलंत. भेळेच्या गाड्या, भाजलेली कणसं, घोडे, पोरं, चार गल्लीतली कुत्री. म्हणजे नुकतं बे एके बे शिकलेल्या पोराला ऐन जत्रेत पाळण्याखाली उभं करून गणित घालण्यासारखं झालं. तिथं त्यानं तुमचं ऐकलं नाही म्हणजे बंड केलं नाही, त्याला तुमचा आवाज पोचलाच नाही.

म्हणून पायऱ्या धरा. हॉल, मग सोपा, मग गच्ची, जिना, फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर, गल्लीचं टोक. रंकाळा सगळ्यात शेवटी, तोही पहाटे साडेपाचला, संध्यामठाच्या बाजूला, गर्दीपासून लांब. हॉलमध्ये दहापैकी आठदा पहिल्या शब्दाला झालं की पुढची पायरी. नव्या पायरीवर आधीचं थोडं बिघडतंच, ते धरून चाला. जागा जितकी अवघड, तितका पगार जास्त: हॉलमध्ये रोजचा दाणा चालतो, रंकाळ्यावर चिकनच लागतं. घरातलं बिस्कीट दाखवून भेळेच्या गाडीशी स्पर्धा करायला जाऊ नका. सध्या आखाडाचा पाऊस लागलाय, बाहेर पडणं होत नाही म्हणून कुरकुरू नका. हॉल, सोपा आणि जिना एवढ्यावर महिना सहज निघतो. पुढं मार्च ते मे दुपारी रस्त्यावर अजिबात नको. डांबरावर तुमचा पालथा हात पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात.

'थांब'ला तीन वेगळ्या गोष्टी असतात: किती वेळ, किती लांब आणि आजूबाजूला काय चाललंय. तिन्ही एकदम वाढवायला गेलं की फसतं. आधी त्याच्यासमोर उभं राहून तीन सेकंद, पाच, दहा. मग एक पाऊल मागं, पण वेळ परत तीन सेकंदांवर. तो हलायच्या आधी तुम्ही परत येऊन खाऊ द्यायचा, त्याला तुमच्याकडं बोलवायचं नाही. बोलावून दिलं तर तो थांबणं सोडून तुमच्या बोलावण्याची वाट बघायला शिकतो. रोजचं ताट हा फुकटचा अभ्यास आहे: ताट खाली नेताना उठला की ताट वर, बसून राहिला की खाली. मी बोलतसुद्धा नाही, ताटच बोलतं.

मुख्य दुखणं म्हणजे हाक. शेरा 'ये' म्हटल्यावर लांब का पळतो? गेल्या सहा महिन्यांत तो आल्यावर काय काय झालं ते आठवा. आंघोळ घातली. कानात औषध सोडलं. बाहेरची मजा संपवून पट्टा लावला, घरी आणला. चप्पल दाखवून ओरडलात. एकदा उशिरा आला म्हणून चापट दिली असेल, 'आता आलास होय' म्हणून. त्याला चापट उशिराची नाही, येण्याची कळली. 'ये'च्या खात्यात तुम्ही नुसतं काढत गेलात, भरलं काहीच नाही.

'बिगीबिगी'चं खातं नवीन आहे, तिथं पहिला महिना फक्त भरायचं. सुरुवात दोन पावलांवरून. तो तुमच्याकडं बघत असतानाच 'बिगीबिगी', आला की 'टक्', एक नाही तर चार-पाच तुकडे एकामागोमाग एक, आणि देताना एका हातानं गळपट्टा अलगद धरायचा. हे धरणं विसरू नका. तो चार हातांवर थांबतो तो हाताच्या भीतीनं. गळपट्ट्याला हात लागणं म्हणजे खाऊ, हे त्याच्या अंगात मुरलं पाहिजे. आणि मग, लोक जे कधीच करत नाहीत ते करायचं: सोडून द्यायचं. 'जा' म्हणून परत खेळायला. दहादा बोलावलं तर नऊदा परत सोडायचं. आलो म्हणजे खेळ संपला, हे गणित असं मोडतं.

बाहेर यासाठी साधारण ३० फुटांचा सुती दोर घ्या. गळ्याला नाही, छातीच्या पट्ट्याला बांधायचा, नाहीतर पळताना मानेला हिसका बसतो. हाताला गुंडाळायचा नाही. लॅब्रेडॉरच्या हिसक्यानं बोट मोडलेली माणसं मी पाहिलीत. दोर जमिनीवर मोकळा पडू द्यायचा, फक्त तो लांब निघाला तर टोकावर पाय. दोर ओढून कुत्रं आणायचं नसतं, पळून जायची संधी मिळू नये एवढ्यासाठीच तो. आणि ज्या वेळी तो येणार नाही हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय, समोर दुसरं कुत्रं आहे, त्या वेळी हाक वाया घालवू नका. चालत जाऊन धरा. चुकून सुटलाच तर त्याच्यामागं धावू नका, तो खेळ त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो. उलट्या दिशेनं पळा, ओरडत, हसत. लाज वाटते खरी. गल्लीतली माणसं बघतात. पण पळणाऱ्याच्या मागं जायची कुत्र्यांना खोड असते आणि दहापैकी बऱ्याच वेळा तीच कामाला येते.

उड्या मारण्याबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ टाकलीय, त्यावरून एक घर आठवलं. फुलेवाडीतलं. तक्रार अशी की कुत्री ओट्यावर पाय टाकते, कितीही ओरडलं तरी. मी गेले तेव्हा त्या घरातल्या आजी भाकरी थापत होत्या. कुत्रीनं ओट्यावर पुढचे पाय टाकले. आजी म्हणाल्या, "हाड की गं, भवाने," आणि त्याच हातानं भाकरीचा पापुद्रा तोडून तिच्या तोंडात दिला. तव्यावरची नजरसुद्धा हलली नाही. वेळ बिनचूक, बक्षीस गरम, आणि दर वेळी नाही तर तीन-चार वेळांतून एकदा. सवय पक्की करायला याहून चांगली पद्धत मलाही माहीत नाही. मी त्यांच्या सुनेला म्हटलं, तुमच्या घरात ट्रेनर आधीपासून आहे, मला कशाला बोलावलंत? मग आम्ही काही बंद केलं नाही. भाकरी तीच, आजी त्याच, फक्त पापुद्रा ओट्यावर पाय टाकल्यावर नाही, तर दारातल्या गोणपाटावर बसल्यावर. पहिले चार दिवस कुत्रीनं उड्या दुप्पट केल्या. हे होतंच: नेहमीची खिडकी बंद दिसली की माणूसही आधी जोरानं ठोठावतो. त्या चार दिवसांत एकदा जरी आजींनी कंटाळून दिलं असतं, तर ती आणखी जोरानं ठोठावायला शिकली असती. त्यांनी दिलं नाही. त्या वयात एवढा निग्रह, मला कौतुक वाटलं.

'सोड' मात्र या महिन्यातच शिकवायला घ्या. आखाडात टेंबलाईच्या यात्रा सुरू झाल्या की गल्लोगल्ली मटण शिजतं आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या कोंडाळ्याभोवती हाडं. शिजलेलं हाड चावलं की टोकदार चिरफळ्या होतात आणि घशात, आतड्यात रुततात. दवाखान्यात असताना असली कुत्री मी टेबलावर धरलीत. मुठीत साधा दाणा ठेवा, मूठ त्याच्या नाकापुढं धरा. चाटेल, पंजा मारेल, गप्प राहा. ज्या क्षणी नाक बाजूला घेईल, 'टक्', आणि दुसऱ्या हातातून चिकन. आठवडाभरानं दाणा उघड्या तळव्यावर, मग जमिनीवर, मग चालताना रस्त्यात. हाड तोंडात गेलंच असेल तर जबडा फाकवून काढू नका. त्याहून भारी काहीतरी नाकाला लावून बदला करा. हिसकावलं की कुत्रं पुढच्या वेळी लवकर गिळायला शिकतं.

आता आजोबांची काठी. आजोबांना चुकीचं ठरवून वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी वस्तीवर असलेली कुत्री खरंच ऐकत असणार. पण ती काठीमुळं ऐकत नव्हती. दिवसभर माणसाबरोबर शेतात, गोठ्यात, बैलांमागं असायची, 'यू यू' म्हटलं की भाकरी मिळायची, आणि कामही एकच, राखण. शेरा दिवसातले बावीस तास चार भिंतींत असतो आणि आपण त्याच्याकडून वागणूक मागतो वाड्यातल्या पाहुण्याची.

काठीचं मी पुस्तकी बोलत नाही. पहिली तीन वर्षं मीही चोक चेननंच, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीनंच शिकवायची. तेव्हा तसंच शिकवलं जायचं आणि झटपट दिसायचं. एक जर्मन शेफर्ड होता, अनोळखी माणूस जवळ आला की गुरगुरायचा. गुरगुरला की मी हिसका द्यायची. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद झालं, मालक खूश, मी त्याहून खूश. चौथ्या आठवड्यात मी त्याच्या मानेवरून पट्टा काढायला वाकले आणि त्यानं एक आवाज न करता माझं मनगट धरलं. भीती होती तेवढीच होती, मी फक्त धोक्याची घंटा काढून टाकली होती. नळाखाली साबणानं १५ मिनिटं हात धुतला, रेबीजची इंजेक्शनं घेतली आणि ती चेन त्या दिवसापासून माळ्यावर आहे. डाव्या मनगटावरची खूण नव्या गिऱ्हाइकांना दाखवते, जास्त बोलावं लागत नाही. शेरा कधी गुरगुरला तर त्याला गप्प करू नका. कशाला गुरगुरला ते बघा आणि त्याला त्यापासून लांब घ्या.

ट्रेनरकडं महिनाभर ठेवायचं का? हा माझाच धंदा आहे, तरी सांगते, तुमच्या बाबतीत नको. माझ्याकडं ठेवलं तर महिन्यानं तो माझं ऐकेल. मग परत तुमच्याकडं, त्याच पाच माणसांत, त्याच 'ये, ये, अरे ये की'मध्ये. दोन आठवड्यांत मूळपदावर. कुत्रा चावत असेल, घरात तान्हं मूल असेल, माणसं म्हातारी आणि कुत्रं अंगानं भारी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं प्रत्यक्ष येऊन बघणारा माणूस हवाच. तेव्हाही मी आधी विचारते की शिकवताना घरच्यांना समोर उभं राहू देणार का. नाही म्हणणाऱ्याकडं कुत्रं सोडू नका.

काही गोष्टी मी इथं बसून सांगू शकत नाही. शेरा बसायला कां-कूं करत असेल, तिरका बसत असेल, जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा दोष बऱ्याच जणांत निघतो, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला 'सिट' म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात त्या लोंबत्या कानांत ओल धरून संसर्ग होतो, तेव्हा दुखण्यानं हैराण झालेल्या कुत्र्याचं शिकण्यात लक्ष लागत नाही. तिसरं, वय. आठ महिने म्हणजे वयात यायचा काळ. कालपर्यंत मागंमागं करणारं पिल्लू आज बहिरं झाल्यासारखं वागतं. त्यातलं थोडं काही केलं तरी राहणार, दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत.

मग १५ दिवसांत काय होईल? 'आडवा' होईल. ताटापुढचं 'थांब' होईल. मुठीवरचं 'सोड' होईल. घरात आणि गच्चीवर 'बिगीबिगी'ला तो उड्या मारत येईल. रंकाळ्यावर सुट्टा सोडण्याइतकी हाक पक्की व्हायला सहा महिने धरा, आणि रस्ता जवळ असेल तिथं त्यानंतरही दोर असूच दे. रोज तास-तास बसायची गरज नाही. तीन-चार मिनिटं, दिवसातून चारदा, जेवणाच्या आधी, आणि तो कंटाळायच्या आत थांबायचं. चांगलं झालं की 'अजून एकदा' म्हणायचा मोह होतो, त्या एकदातच बिघडतं.

आजोबांना फाटकाचं काम द्या. सकाळी ते दूध आणायला निघतात तेव्हा शेरा आधी बाहेर धावतो, असं तुम्ही लिहिलंय. फाटकाची कडी काढायची, तो उठला की कडी परत घालायची, बसला की परत काढायची. बोलायचं नाही, काठी नाही, खाऊसुद्धा नाही. फाटक उघडणं हाच त्याचा खाऊ. गावाकडं जनावरं सांभाळलेल्या माणसाला हा धीर असतो, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत एक आकडा लिहा: दहा 'बिगीबिगी'पैकी पहिल्या हाकेला किती वेळा आला. तीन दिवस सलग आठच्या वर राहिला की अंतर पाच पावलांनी वाढवा. सहाच्या खाली आला की मागच्या जागेवर परत या आणि त्या दिवशी कोण 'ये' म्हणालं ते शोधा.